सालगाठीचं पाणी

इमला भिलावेकर चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्या उतारावर चढली, तीही मायच्या मागोमाग, मायच्या पावलात पाऊल टाकत.

जामुनडोह हे मेळघाटातलं चाळीसेक घरांचं कोरकू गाव. गावाच्या वरच्या अंगाला एक उत्तरेकडे तोंड केलेला उतार आहे. तिथं ऊन दुपारी तासभर येतं आणि निघून जातं. जमिनीवर वीतभर कुजका पाला, वर दाट झाडी. त्या सावलीत सालगाठ उगवायची. सालगाठीची मुळी गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी चाटलेली होती; दुखण्यातून उठलेल्या माणसाला ती उगाळून देत. पण ती नेमकी कुठं उगवते हे गावात एकाच माणसाला ठाऊक असे. त्याला राखणदार म्हणत. इमलाची माय सुकाय सव्वीस वर्षं राखणदार होती. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तिनं पुढच्या राखणदाराचं नाव गावचे मुखिया पटेल यांच्या कानावर घातलं. ते नाव आपल्या लेकीचं होतं.

"ती तं परतवाड्याले राहते," पटेल म्हणाले.

"दर शनवारी येते. अन् तोंडाची पक्की आहे," सुकाय म्हणाली.

भादव्याचे दिवस होते. सालगाठीला लाल फळांचे घोस आले होते. सुकायनं एका रोपाशी बसकण मारली, बोटांनी पाला बाजूला केला आणि मुळी मानेपर्यंत उघडी केली.

"मोज."

या झाडाला दरसाल एकच देठ फुटतो आणि हिवाळ्यात गळून पडतो. जिथून गळतो तिथं मुळीच्या मानेवर एक गाठ राहते. इमलानं अंगठ्यानं माती पुसून गाठी मोजल्या. एकोणीस.

"म्हंजे तू पंधराची होती तवा हिनं डोकं वर काढलं," माय म्हणाली. "बाराच्या खालच्या मुळीले हात नाई लावायचा. काढली तं तिचं फळ तिथंच पुरायचं, बोटाची दोन कांडं खोल, वरून पाला. एका सालात सातच काढायच्या. गाव कितीबी मोठं होवो, सातच."

"अन् सांगायचं नाई," इमला म्हणाली.

"बोलून नाई, खुणेनं नाई, लिहून नाई."

"नाई सांगत, माय."

उतारभर फिरून तिनं सगळी रोपं मोजली. दोनशे बारा भरली. मायला ते आवडलं. पोरगी मन लावून बघतेय असं तिला वाटलं. खाली उतरल्यावर सुकाय ओढ्याकाठच्या दगडावर गुडघे चोळत बसली. इमला पाणी प्यायला वाकली, आणि वाकल्यावाकल्या तिनं ओढणीआड बोटाएवढी एक शिशी भरून घेतली. माय दुसरीकडे बघत होती.

घरी परत येताना इमला स्वतःला सांगत होती: मी कोणाला काही सांगितलं नाही. पाणीच तर घेतलं.

इमला परतवाड्याच्या वनौषधी केंद्रात तंत्रज्ञ होती. गावातली पदवी घेतलेली ती पहिली मुलगी. केंद्राचे प्रमुख डॉ. खोडके साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आणि इमलानं मिळून चार वर्षं एक यंत्र घडवलं होतं. त्याला केंद्रात सगळे 'नाडी' म्हणत.

कल्पना साधी होती. प्रत्येक जीव आपल्या अंगाचा चुरा सांडत असतो. झाडाच्या मुळाची साल, परागकण, कुजलेलं पान, माशाचा खवला, गव्याची लाळ. या चुऱ्यात डीएनए असतो आणि पावसाबरोबर तो ओढ्यात उतरतो. पेलाभर पाणी घेतलं तर अख्ख्या खोऱ्यातल्या जीवांची हजेरी त्यात लागलेली सापडते. इतकं जगाला आधीच माहीत होतं. खोडके सरांनी त्यात भर घातली ती अंतराची. डीएनएची लांब साखळी पाण्यात पडली की तुटत जाते. तुकडे लांब सापडले तर झाड जवळ आहे, आखूड सापडले तर दूर. एकूण तुकडे किती, यावरून झाडांचा आकडाही काढायचा. दोन ओढे जिथं मिळतात तिथं दोन्हींचं पाणी तपासायचं आणि ज्या अंगाला तुकडे लांब, त्या अंगाला चढायचं. असं करत करत नाडी माणसाला थेट झाडाच्या बुडाशी नेऊन उभं करणार होती. दुर्मीळ झाडं तस्करांच्या आधी आपल्याला सापडावीत आणि राखता यावीत, म्हणून हा सगळा खटाटोप.

सालगाठीसाठी तर ते फारच गरजेचं होतं. कोरिया आणि चीनच्या जंगलातल्या जिनसेंगचं हे दूरचं भावंड. जिनसेंग शेतात लावलं तर पाच-सहा वर्षांत गाजरासारखं फुगतं, आणि जंगलातलं तीस वर्षांतही बोटाएवढंच राहतं. पण जाणकार त्या बोटाएवढ्या मुळीलाच मान देतात. सालगाठीचं तसंच होतं, किंबहुना जास्त. शेतात ती वाढायची, पण तिच्यात औषध उतरायचं नाही. पाल्यातली बुरशी, सावली आणि वर्षानुवर्षांची उपासमार, या तिन्हींशी झगडताना तिच्यात जे रसायन तयार व्हायचं ते बाटलीत किंवा वाफ्यात तयार होत नव्हतं. परदेशात त्या रसायनाचा बोलबाला झाल्यापासून सातपुडाभर कुदळी फिरू लागल्या होत्या.

पण नाडी अडली होती. काटा बनवला तरी तो लावून घ्यायला एक खरं किलोचं वजन लागतं. तसं, जिथं सालगाठीची नेमकी किती रोपं आहेत हे पक्कं माहीत आहे, अशा एका जागेचं पाणी लागत होतं. ते कोणाकडे नव्हतं. दोन वर्षं सर आणि इमला आकड्यांशी झटत होते.

सोमवारी इमलानं शिशी यंत्राला लावली. संध्याकाळपर्यंत नाडी बोलली: अंदाजे दोनशे नऊ.

खोडके सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "खरा आकडा किती?"

"दोनशे बारा, सर."

"कुठलं पाणी आहे हे?"

"आमच्या बाजूचं."

त्यांनी पुढे विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं आणि ते मर्यादा जाणणारे गृहस्थ होते.

शोधनिबंध तयार झाला. इमलाचं नाव दुसरं होतं. आजवर ती शेवटच्या आभाराच्या ओळीत असायची. परदेशी नियतकालिकाची अट होती की मूळ नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात. जागेचं नाव 'क', नकाशा नाही, अक्षांश-रेखांश नाहीत. पण नोंदींत त्या पाण्यात सापडलेल्या सगळ्या जीवांची यादी होती, सातशेच्या वर नावांची. इमला ती यादी वरून खाली वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. त्यात एक खेकडा होता, जो मेळघाटात दोनच ओढ्यांत राहतो. एक नेचा होता. एक शेवाळ होतं. तिच्या लक्षात आलं की जो ही यादी हातात धरून नदीकाठानं वर वर चढेल, तो उतारापाशीच पोहोचेल. ती यादी म्हणजे पत्ता होता.

सर दारात उभे होते. "इमला, यावरून जागा ओळखू येईल का कोणाला? तसं असेल तर छाटून टाकू. दोन दिवस उशीर होईल, होऊ दे."

यादी छाटली असती तर परीक्षकांनी शंका काढल्या असत्या. पुन्हा पाणी आणा म्हणाले असते. नाव पुढच्या अंकात, कदाचित पुढच्या वर्षात गेलं असतं.

"नाही सर," इमला म्हणाली. "असले ओढे आमच्याकडे शेकड्यानं आहेत."

आणि तिनं निबंध पाठवायची कळ दाबली.

नाडीचं पुढे फार कौतुक झालं. वर्षभरात ती मुठीएवढी झाली, मोबाईलला जोडता येऊ लागली. कुठं तिनं हरवलेला बेडूक शोधला, कुठं विहिरीतला रोग. इमलाला बढती मिळाली. बढतीच्या पहिल्या पगारातून तिनं मायच्या घरावर नवे पत्रे टाकले, निळे. लांबून दिसायचे.

पंधरा महिन्यांनी एका सकाळी पटेलांचा फोन आला. "उतार खणला कोनं तरी. ये."

ती पोहोचली तेव्हा सुकाय तिथंच बसून होती. उतारावर खड्डेच खड्डे. पाला दूर फेकलेला, काळी माती उलटी पडलेली, त्यावर बुटांचे ठसे. बाराच्या वरचं, बाराच्या खालचं, दोन गाठींचं पिल्लूसुद्धा सोडलं नव्हतं. हिरवी फळं तुडवलेली होती. सुकाय गुडघ्यावर सरकत सरकत ती फळं गोळा करत होती आणि कच्ची आहेत हे कळून पुन्हा खाली टाकत होती.

"इतक्या आडजागी कसे आले?" ती म्हणाली. "वाट नाई, काई नाई. कसे आले?"

इमलाच्या पायाशी एक मोडकं रोप पडलं होतं, पानं अजून हिरवी. काय करतेय हे न कळता तिनं ते उचलून पिशवीत घातलं.

दुपारी मोहाच्या झाडाखाली गाव बसलं. पटेल मधे. जागा दोघींनाच ठाऊक होती, त्यामुळे प्रश्नही दोघींनाच होता.

"पोरी," पटेल इमलाकडे वळले, "तू कोनाले सांगतलं?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. इमला उभी राहिली. "मी कोणाले नाई सांगतलं."

शब्दाशब्दानं खरं होतं ते. तिनं बोलून, खुणेनं, लिहून, कोणालाच जागा सांगितली नव्हती. ती खाली बसली आणि तिला कळलं की आता दोघींतली एकच उरली.

"सुकाय?" पटेल म्हणाले.

"मी?" सुकायला आधी प्रश्नच कळला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, घरावर पत्रे नवे कुठून आले? दुसरा म्हणाला, निळे. सुकायनं लेकीकडे बघितलं, कारण पत्र्यांचं उत्तर लेकीकडे होतं. "माह्या पगाराचे आहेत," इमला म्हणाली. पण तिचा आवाज इतका बारीक निघाला की ते बहाण्यासारखं वाटलं.

तेव्हा घाबरून सुकायनं आपल्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य उच्चारलं. "जासमी दरसाल माह्यासंग निम्म्या वाटेपर्यंत यायची. तिले इचारा."

जासमी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींची लग्नं एका हंगामात झाली, दोघी एकाच वर्षी विधवा झाल्या. जासमी उठली, लुगड्यावरची माती झटकली आणि घरी निघून गेली.

राखणदारपण त्या घरातून काढून घेतलं गेलं. दंड झाला नाही, शिवीगाळ झाली नाही. फक्त त्या दिवसापासून सुकायच्या घरचं पाणी कोणी पिईना.

इमला परतवाड्याला परतली आणि कामाला लागली. रोज ठरवायची, येत्या शनिवारी सांगते. शनिवारी गेली की मायचं उतरलेलं तोंड बघायची आणि सांगणं पुढच्या शनिवारवर ढकलायची. माय अंगणात बसून एकेकाचं नाव घेत असायची. "हिराजीचा पोरगा शयरात जाते. त्यानं तं नसंल? का जासमीच्या जावयानं? तो मागच्या साली जंगलात फिरत होता." इमला भाकरी खात राहायची. एकदा तर ती म्हणाली, "असंल, माय." हे दोन शब्द नंतर तिला कित्येक वर्षं टोचत राहिले.

असे नऊ शनिवार गेले.

दहाव्या आठवड्यात केंद्रात एक बातमी आली: मुळ्या चोरणाऱ्या एका टोळीकडे वनखात्याला नाड्या सापडल्या, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये 'जागा क'ची यादी. खोडके सरांनी इमलाला आत बोलावलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी छाटायला हवी होती ती यादी. मला सुचायला हवं होतं."

"सर, तुम्हाला सुचलं होतं," इमला म्हणाली. "तुम्ही विचारलंत मला. मी खोटं सांगितलं. मला तेव्हाच दिसत होतं."

सर खुर्चीत बसले. त्यांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"यादी मागे घेता येईल का, सर?"

"हजारो लोकांनी उतरवून घेतलीय. पाण्यात टाकलेलं मीठ आहे ते." मग ते हळूच म्हणाले, "घरी सांगितलंत?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग इथं का बसलात?"

ती त्याच दिवशी एसटीनं निघाली. सुकाय चुलीपुढे शेंगा सोलत होती. इमलानं उभ्यानंच सगळं सांगितलं: शिशी, यंत्र, यादी, कळ. कुठंही थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सुकाय शेंगा सोलत राहिली. यंत्राचं तिला फारसं कळलं नाही. पण नऊ आठवड्यांचं कळलं.

"मले झाडाचं दुख आहे," ती शेवटी म्हणाली. "पन ते मी सोसलं असतं. तू माही पोर आहे, चुकली असती. पन त्या झाडाखाली तू बसून होती, इमला. माह्या बाजूले. अन् मी जासमीचं नाव घेतलं."

"माय..."

"मी रोज एकेकाचं तोंड आठवत होती. कोनं केलं असंल, कोनं केलं असंल. ज्याईच्या घरी मी जेवली, ज्याईची पोरं मी न्हाऊ घातली, त्या साऱ्याईले मी मनात चोर म्हनलं. अन् तू भाकरी खात होती." सुकायनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आधी जासमीकडे जा. माह्यापुढं रडू नको. तिच्यापुढं जा."

जासमीचं दार उघडं होतं. तिनं इमलाला आत बोलावलं नाही. इमलानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. जासमीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुह्या मायले सांग, येत जा म्हना," ती म्हणाली. "तू नको येऊ."

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली इमलानं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. आता शब्द पाठ झाले होते आणि त्याचीही तिला लाज वाटली. पटेलांनी सुकायची गावासमोर हात जोडून माफी मागितली. इमलाला त्यांनी काही शिक्षा दिली नाही. एवढंच म्हणाले, "तुले काय करायचं ते आमाले नाई सुचत. तूच पाह्य."

तिला जे सुचलं ते केंद्रातल्या एका काचेच्या बाटलीत सापडलं.

उतारावरून उचललेलं ते मोडकं रोप तिनं त्याच आठवड्यात बाटलीत लावलं होतं, नुसतं मरू नये म्हणून. पानाच्या तुकड्याला खुराक दिला की त्याचा एक पांढुरका गोळा होतो आणि तो वाढतच जातो. त्याला मूळ नसतं, देठ नसतो, औषध तर नसतंच. पण त्याच्या प्रत्येक पेशीत सालगाठीचा डीएनए अख्खाच्या अख्खा असतो, लांब, ताजा, न तुटलेला.

"सर, हा गोळा ओढ्यात टाकला तर नाडी काय सांगेल?"

खोडके सरांनी चष्मा काढला. "सांगेल, सालगाठ इथंच आहे. पावलावर."

"आणि चाळीस ओढ्यांत टाकला तर?"

त्यांना कळायला वेळ लागला नाही. नाडी सगळीकडेच झाड दाखवील, म्हणजे कुठंच दाखवणार नाही. "तुम्ही आपलंच यंत्र आंधळं करायला निघालात," ते म्हणाले. "आपल्या निबंधावर लोक हसतील. शिवाय त्या उतारावर एखादं झाड चुकून वाचलं असेल तर तेही आपल्याला कधी कळणार नाही." ते येरझारा घालू लागले. "असं करू. या गोळ्याच्या डीएनएत एका अक्षराचा फरक करू. बाहेरच्याला तो दिसणार नाही. आपल्याला मात्र खोटं वजा करून खरं वाचता येईल."

फार सोयीचं होतं ते. तिच्या हातात पुन्हा एक किल्ली राहणार होती. चांगल्या कामासाठीच, नोंदीसाठीच, कधीतरी एखाद्या निबंधासाठी.

"नको, सर. मलाही कळायला नको."

सर थांबले. मग त्यांनी कपाटातून असे गोळे वाढवायच्या संवर्धनखोलीची चावी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. त्या वर्षीच्या अहवालात त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहिलं की मेळघाटात सालगाठीसाठी नाडी विश्वासार्ह राहिलेली नाही.

पुढच्या पावसाळ्यापासून इमला दर शनिवारी गोळ्यांचे डबे घेऊन येऊ लागली. गोळे फोडून, चाळून, पाण्यात कालवून ओढ्याओढ्यात सोडायचे. आठवड्याला एकदा तरी, कारण साखळ्या तुटतात. पहिले दोन शनिवार तिनं एकटीनं पायपीट केली. तिसऱ्या शनिवारी सुकाय आली, गुडघे धरत. पाचव्या शनिवारी पटेलांची सून, मग आणखी चौघी. पटेलांच्या ओसरीवर डबे ठेवलेले असत, बायका आपापला उचलून नेत. इमलाशी कोणी जास्त बोलत नसे. जासमी यायची तेव्हा इमला आत असेल तर ती बाहेर थांबायची.

टोळ्या आल्या. नाड्या हातात धरून त्यांनी खडकाळ, उन्हानं भाजलेल्या टेकड्या खणल्या, जिथं सालगाठ उगवूच शकत नाही. दोन हंगाम त्यांनी घाम गाळला. मग ऐकू येऊ लागलं की या जंगलात नाडी खोटं बोलते. परदेशातल्या एका शास्त्रज्ञानं लिहिलं की मूळ निबंधातच गफलत असावी. इमलानं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि उत्तर दिलं नाही.

नवा राखणदार कोणी नेमला का, हे तिनं गावात विचारलं नाही. उतार उजाड झाल्यावर राखायचं काय, असंही कोणी म्हणालं असेल. माय त्याबद्दल बोलत नसे. मायचं नि जासमीचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं होतं, एवढं मात्र इमलाला दिसत होतं. ती आली की दोघी बोलायच्या थांबत.

चौथ्या वर्षी, माघात, जासमीची नात बाळंत झाली. पोरगी अडली होती. रक्त फार गेलं होतं. दवाखान्याची गाडी येऊन गेली, डॉक्टरीणबाईंनी धोका टळल्याचं सांगितलं, पण तिच्यात हात उचलायचं त्राण उरलं नव्हतं. इमला त्या दिवशी गावात होती. जासमीनं तिला बोलावलं नव्हतं. तरी ती गेली. अशा वेळी न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

सकाळचं ऊन दारातून आत आलेलं. बाज, बाजेवर डोळे मिटून पडलेली पोरगी, कुशीत बाळ. खाली सुकाय आणि जासमी शेजारी शेजारी बसलेल्या, आणि जासमीच्या पुढ्यात सहाण. सहाणेवर ती काहीतरी उगाळत होती. ओल्या मातीचा आणि कडवट सालीचा वास खोलीभर पसरला होता. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या सुक्या मुळीला असा वास येत नाही. तो वास चार-आठ दिवसांपूर्वी जमिनीतून निघालेल्या मुळीचा होता. इमलाला ते क्षणात कळलं.

तिची सावली आत पडली तशी खोली गप्प झाली. जासमीनं मान वर केली नाही. तिनं फक्त आपला तळवा सहाणेवर पालथा ठेवला, जसा लहान पोरापुढून विळा झाकतात तसा. सुकायनं लेकीकडे बघितलं आणि नजर बाळाकडे वळवली.

इमलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याच वेळी छातीत काहीतरी इतकं हलकं झालं की तिला भिंतीला हात टेकावा लागला.

ती दोन पावलं आत गेली, बाळाच्या कपाळाला बोट लावलं, "पोरगा का पोरगी?" असं विचारलं. "पोरगी," सुकाय म्हणाली.

"ब्येस," इमला म्हणाली. बाहेर येऊन तिनं दार मागं ओढून घेतलं. थोडं थांबली. आतून सहाणेवर मुळी घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, तशी ती पटेलांच्या ओसरीकडे डबा उचलायला निघाली.